सहा चाळीस

९ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. काल तू फोनवर आईला म्हणालीस, "त्यांना सांग, मला त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होतो. ते तुला माहीत होतं, म्हणून तर तू आवाज चढवलास. फोनवर मला धड बोलता येत नाही. पलीकडचं माणूस गप्प बसलं की मी काहीबाही बरळत सुटतो. कागदावर तू गप्पच असणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे निदान तारांबळ उडत नाही.

निकालाच्या वेळी मी कोर्टात होतो. आई नको म्हणत होती. "जे व्हायचं ते तुमच्याशिवायही होईल," म्हणाली. तरी गेलो आणि सगळ्यात मागच्या बाकावर खांबाच्या आडोशाला बसलो. न्यायाधीश दीड तास वाचत होते. मला वाटलं होतं, शेवटचं वाक्य मोठ्या आवाजात येईल. ते त्यांनी शिपायाकडे पाणी मागावं तसं सांगितलं. "आरोप निःसंशय सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त करण्यात येत आहे." दोनशे माणसं त्या खोलीत कोंबलेली, आणि एकाचाही श्वास ऐकू येईना.

मग बाहेरून आवाज आला. बातमी आमच्याआधी रस्त्यावर पोचली होती. खिडक्या बंद होत्या तरी तावदानं थरथरली. अख्खं शहर ओरडताना मी सहासष्ट वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, ठकू. पहिल्या क्षणी त्यात रागसुद्धा नव्हता. नुसता आवाज होता. माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही.

आरोपीच्या पिंजऱ्यात रेडिओवाल्याने डोळे मिटले. अकरा वर्षं या माणसाने रोज सकाळी साऱ्या गावाला उठवलं, किती वाजले ते सांगितलं. दुकानातली निम्मी घड्याळं मी त्याच्याच आवाजावर लावत आलो. आणि तो तुझ्या जिवलग भिंगरीचा नवरा. भिंगरीची आई पहिल्या रांगेत होती. ती ओरडली नाही की रडली नाही. मांडीवरच्या पर्सची चेन बंद आहे ना, ते तिने दोनदा चाचपून पाहिलं. मला ते बघवेना. मी मागच्या जिन्याने उतरून घरी आलो.

निकालपत्रात मी 'साक्षीदार क्रमांक एकोणीस, घड्याळदुरुस्ती करणारा' असा आहे. माझं एकच वाक्य न्यायाधीशांनी तीनदा वाचलं : "काटे मी हलवले होते." पेपरात तू त्याच्या तीन ओळी वाचल्यास. सगळं माझ्याकडून ऐक.

खटल्याचा सारा भार त्या टेबलघड्याळावर होता. हो, तेच, जे तू तिला लग्नात दिलंस आणि मी भंगारातून उचलून, उघडून, तेलपाणी करून नवंकोरं केलं होतं. भिंगरीचा खून झाला त्या संध्याकाळी शेजारणीने पावणेसातला रेडिओवाल्याची गाडी फाटकातून जाताना पाहिली. तो म्हणतो, मी निघालो तेव्हा बायको ठणठणीत होती. झटापटीत घड्याळ कपाटावरून पडलं आणि बंद पडलं. सहा चाळीसला पडलं असेल तर तो घरात होता. पावणेसातनंतर पडलं असेल तर नव्हता. पाच मिनिटांवर एक माणूस लटकलेला. तिथल्या फोटोत घड्याळ पालथं पडलेलं आहे, काटे दिसतच नाहीत. शिपायाने ते तसंच कापडात गुंडाळलं.

तपास अधिकारी ते बोचकं घेऊन माझ्या दुकानात आले. पंच यायचे होते म्हणून पायरीवर उभे राहून त्यांना फोन लावत बसले. घड्याळ माझ्यासमोर काउंटरवर. आता तूच सांग, तुझ्या बापाच्या हाती बंद घड्याळ आलं की तो काय करतो? लहानपणी तू नक्कल करायचीस माझी. आधी कानाशी, मग मनगटाला एक हलका हिसका. हात शिवशिवतो, त्याला कायदा कुठे ठाऊक! आणि ठकू, ते चालू झालं. मला आनंद झाला, खोटं का बोलू. भिंगरीचं घड्याळ चालतंय, एवढंच डोक्यात. मी ऐकत राहिलो. मग भानावर आलो, चाकाला बोट लावून थांबवलं आणि काटे मागे, होते तिथे, नेऊन ठेवले. पंच आले, घड्याळाचा फोटो निघाला, कागदावर सहा चाळीस लिहिलं गेलं, मी सही केली.

कोर्टात त्याच्या म्हाताऱ्या वकिलाने अगदी साधं विचारलं, "हे हातात आल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय केलंत?" मी सांगितलं. बस, एवढंच.

तू आईला विचारलंस, "चौदा महिने गप्प बसले आणि त्याच दिवशी बरं आठवलं?" त्याचं उत्तर आज देत नाही. हात दुखतोय.

बाबा


१६ फेब्रुवारी

ठकू,

तू उत्तर दिलं नाहीस. पण आईला विचारलंस म्हणे, "दुकानावर दगड वगैरे पडले नाहीत ना?" एवढं मला पुरतं.

नाही पडले. दगड पडले असते तर काच बदलली असती. इथे वेगळंच चाललंय, आणि ते कसं सांगावं मला कळत नाही. तिकडे तुमच्याकडेही पोचलं असेलच, पण इथे राहून बघण्यासारखं आहे. भिंतींवर, बसथांब्यांवर, पुलाच्या कठड्यावर, सगळीकडे एकच घड्याळ काढलंय. गोल, दोन काटे, सहा चाळीस. शाळेच्या पोरींनी हातावर पेनाने काढलंय. बँकेतल्या कॅशियरच्या मनगटावर खरं घड्याळ, आणि तेही त्याने सहा चाळीसला बंद करून ठेवलंय. स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळाला कुणीतरी सहा चाळीसवर थांबवलं. दोन दिवस स्टेशनमास्तरची ते सुरू करायची छाती झाली नाही.

संध्याकाळी सहा चाळीसला शहर थांबतं. पहिल्या दिवशी मला वाटलं अपघात झाला. बस मधोमध उभी. ड्रायव्हर खाली उतरून उभा. भाजीवाली तराजू हातात धरून उभी, न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या गालाला साबण लावून दारात. कुणी घोषणा देत नाही. कुणी कुणाला सांगत नाही. एक मिनिट जातं आणि मग सगळे आपापल्या वाटेला लागतात. माझ्या दुकानात बत्तीस घड्याळं चालू असतात, ठकू. चाळीस वर्षांत मला ती ऐकू येईनाशी झाली होती. त्या एका मिनिटात सगळीच्या सगळी ऐकू आली.

आई आणि मी काउंटरमागे उभे राहिलो. तिने माझा हात धरला. लग्नाच्या फोटोनंतर चारचौघांत पहिल्यांदाच, मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तोंड बंद ठेवा."

हे सगळं माझ्याविरुद्ध आहे, हे कळतं मला. दुकानावर रोज कुणीतरी कागद डकवून जातं. परवा लिहिलं होतं, 'घड्याळजी, तुझी वेळ भरली.' अक्षर सुरेख होतं, शाळेतल्या बाईंचं असावं. रागावू नकोस, गंमत केली. लोक येतात, पावती ठेवतात, "जसं आहे तसं द्या" म्हणतात आणि बिघडलेलं घड्याळ परत घेऊन जातात. सत्तावीस गेली. पोस्टमन तीस वर्षं माझ्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचायचा, तोही टपाल उंबऱ्यावर ठेवून निघतो. वाईट वाटतं. पण खरं सांगू? मी त्यांच्याकडे बघत राहतो आणि मला भरून येतं. एका मुलीसाठी, जिला यांतल्या हजारातल्या एकानेही पाहिलेलं नाही, हे सगळे रोज उभे राहतात. एवढी माया माणसांच्या पोटात होती आणि मला पत्ताच नव्हता.

दुसरं टोकही आहे. परवा एका गृहस्थाने मिठाईचा डबा आणून ठेवला. "तुम्ही देवमाणूस," म्हणाला, "आमच्या माणसाला वाचवलंत." आईने तो डबा चिमटीत धरून उंबऱ्याबाहेर ठेवला. मला त्या कागदांपेक्षा तो डबा जास्त लागला.

आता चौदा महिन्यांचं. मला आठवत होतं. रोज आठवत होतं. फक्त आईला सांगितलं होतं आणि ती म्हणाली होती, "विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर मूग गिळून गप्प बसा. आपण होऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण." पण तिच्यावर ढकलत नाही. मला भीती वाटली. पोलिसांची थोडी, तुझी जास्त. तू त्या दिवसांत येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "बाबा, निदान तुमच्या घड्याळाने त्याला पकडलं." त्यावर मी काय बोलणार होतो?

बाबा


३ मार्च

ठकू,

काल भिंगरीची आई दुकानात आली.

दुपारची वेळ होती. मी भिंग डोळ्याला लावून बसलो होतो, काम काही नव्हतं, उगीच एक जुनं मनगटी घड्याळ उघडून तेच तेच पुसत होतो. सावली पडली म्हणून वर पाहिलं. भिंग डोळ्याला तसंच, त्यामुळे आधी नुसती तिची पर्स दिसली, ही एवढी मोठी. मी उठलो तर स्टूल पडलं.

"बसू का, भाऊ?" तिने विचारलं.

मी स्टूल उचलून दिलं. ती बसली. दोन मिनिटं भिंतीवरची घड्याळं बघत होती.

"सगळ्यांची वेळ वेगळी कशी?"

"दुरुस्तीची आहेत," मी म्हणालो. "जसजशी होतील तसतशी जुळतील."

"बरं," म्हणाली. मग सरळ माझ्याकडे बघून : "एक विचारते. कोर्टासाठी नाही, पेपरसाठी नाही, मला हवंय म्हणून. तुमच्याकडे आलं तेव्हा त्यात किती वाजले होते?"

ठकू, आता जे तिला सांगितलं ते तुला सांगतो. हे आईलाही माहीत नव्हतं. मी काटे 'होते तिथे' नेऊन ठेवले, असं तुला लिहिलं. कोर्टात 'अंदाजाने' म्हणालो. खरी गोष्ट अशी की ते कुठे होते हे मी पाहिलंच नव्हतं. गाडी बंद पडली की मेकॅनिक ती कुठल्या गावाला निघाली होती ते विचारत नाही, तसं आमचं. बंद घड्याळात किती वाजलेत याला आमच्या धंद्यात काडीची किंमत नसते. आम्ही काच बघतो, काटा वाकलाय का बघतो, चावी फिरते का बघतो. चाळीस वर्षं हजारो बंद घड्याळं हातात घेतली, एकाचीही वेळ वाचली नाही. त्याचीही नाही वाचली. मी थांबवलं तेव्हा त्यात सहा बावन्न झाले होते. दहा-बारा मिनिटं चाललं असेल असं वाटलं, म्हणून काटा मागे नेला आणि सोयीच्या आकड्यावर ठेवला. पाचच मिनिटं चाललं असेल तर ते सहा सत्तेचाळीस होतं. तेव्हा मला गाडीचं माहीत नव्हतं, पावणेसातचं माहीत नव्हतं. मला फक्त माझी चूक झाकायची होती.

भिंतीभिंतीवर जे सहा चाळीस आहे ते माझ्या बोटाने ठेवलेलं आहे. लाख माणसं रोज संध्याकाळी ज्या मिनिटाला उभी राहतात ते मिनिट मी ठरवलं.

हे सगळं मी तिला सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. शेवटी म्हणालो, "ताई, मला माहीत नाही. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

मला वाटलं, आता ती काउंटरवरचं काहीतरी उचलून मारेल. मारावं असंही वाटलं.

मग म्हणाली, "सव्वा वर्ष झालं. जो येतो तो मला सांगतो, काय झालं ते. पोलिसांनी सांगितलं, वकिलांनी सांगितलं, टीव्हीवरच्या पोरीने सांगितलं. माझी जाऊ तर बाथरूमपासून कपाटापर्यंत चालून दाखवते. सगळ्यांना सगळं ठाऊक. माहीत नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नाही हो," ती म्हणाली. "पण मलाही माहीत नाही ना. इतके दिवस मी एकटीच होते."

आणि तिने पर्स उघडली, तीच ती पर्स, आणि आपलं मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलं. "मागे पडतं रोज दहा मिनिटं. बघा काय झालंय." सत्तावीस लोक आपली घड्याळं घेऊन गेले, ठकू, आणि जिची मुलगी गेली ती घड्याळ टाकायला आली! पावतीवर मी आकडा दोनदा चुकवला. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिली पावती.

ती गेल्यावर मी दुकान बंद केलं. आईला सगळं सांगितलं. ती रागावली, आधी माझ्यावर, मग स्वतःवर, मग पुन्हा माझ्यावर. शेवटी म्हणाली, "पोरीला लिहा." म्हणून लिहितोय. जन्मात मी कुणापुढे एवढा लहान झालो नव्हतो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही हेच नवल.

बाबा


२१ मार्च

ठकू,

तुझं पत्र आलं. दीड महिन्यानंतर पाच ओळी! पण तुझं अक्षर पाहून मी पाकीट न फोडता तासभर समोर ठेवून बसलो. आई म्हणाली, "फोडा आता, अंडं नाही ते, उबवताय कशाला?"

तू लिहिलंस : 'सरकार अपील करणार आहे. तुमचं प्रतिज्ञापत्र घेणार आहेत. काटे हलवण्याआधी सहा चाळीस पाहिलं होतं, एवढंच सांगा. पहिल्या जबाबात तेच आहे, कुणी खोटं म्हणणार नाही. एवढं करा, मी घरी येते. नाही केलंत तर मला वडील नाहीत.'

सरकारी वकीलबाईंचाही फोन आला होता. बोलायला भली बाई आहे, फार दमलेली वाटली. "उलटतपासणीत माणूस गोंधळतो, काका. नीट आठवून बघा. घाई नाही." तिने खोटं बोला असं म्हटलं नाही. फक्त दार उघडून बाजूला उभी राहिली. पाच एप्रिलला बोलावलंय.

अजून एक फोन आला होता, तो तुला सांगणार नव्हतो. रेडिओवाल्याचा. मी उचलला आणि कानात तोच आवाज, मधासारखा, ज्यावर मी अकरा वर्षं घड्याळं लावली. म्हणाला, "तुमच्यामुळे मी वाचलो. हे उपकार विसरणार नाही." तब्येत विचारली. धंदा कसा चाललाय विचारलं. पाच मिनिटं बोलला, ठकू, आणि भिंगरीचं नाव घेतलं नाही. एकदासुद्धा नाही. 'मी निर्दोष होतो' असं म्हणाला नाही. वाचलो, म्हणाला. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन कान धुतला. हसू नकोस, साबण लावून धुतला.

तर तुला हेच हवं असेल ऐकायला, तर घे : मलाही वाटतं, त्यानेच केलं. आज नाही, पहिल्या दिवसापासून वाटतं. ती शेवटची दुकानात आली होती तेव्हा लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती, भर उन्हाळ्यात. मी विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, म्हटलं. भिंगरीला मी पाच वर्षांची असल्यापासून ओळखतो. तुम्ही दोघी काउंटरखाली बसून माझ्या जुन्या काट्यांच्या तलवारी करायच्या. तिच्यासाठी काही करायची माझी इच्छा नाही असं तुला वाटतं?

रोज ठरवतो, सांगून टाकू. दोनच शब्द तर आहेत, 'पाहिलं होतं.' त्याने कुणाचं काय बिघडतं? शहर शांत होईल. भिंगरीच्या आईला... तिला काय होईल ते मला सांगता येत नाही. तू घरी येशील. तुझी आई गेले चार दिवस तुझ्या खोलीतल्या चादरी बदलतेय. काही बोलत नाही, नुसत्या बदलतेय. मीही काही कुणी हरिश्चंद्र नाही. आयुष्यभर 'उद्या देतो' सांगून गिऱ्हाइकांना चार-चार दिवस लटकवलंय.

अजून पंधरा दिवस आहेत. मला सतावू नकोस, आणि सोडूही नकोस.

बाबा


५ एप्रिल, रात्र

ठकू,

तू आत्ता बसमध्ये असशील. अर्धा रस्ता झाला असेल. मी घरी न जाता दुकानात येऊन हे लिहितोय, कारण आईला तोंड दाखवण्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय.

बंद दाराआड काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. लहानशी खोली, फायलींचे ढीग, पंखा फिरला की कागद उडायचे आणि वकीलबाई हाताने दाबून धरायच्या. त्यांनी मसुदा आधीच टाइप करून ठेवला होता. 'काटे हलवण्यापूर्वी मी वेळ पाहिली होती व ती सहा वाजून चाळीस मिनिटे होती.' खाली माझ्या सहीची जागा. मी पेन उघडलं, ठकू. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, मी टोक कागदाला टेकवलं होतं.

बाहेर सहा चाळीस होत आले होते. खाली चौकात लोक उभे राहू लागले. खिडकीतून दिसत होते. वकीलबाईही उठून उभ्या राहिल्या, मीही राहिलो. पुलापासून बाजारापर्यंत माणसंच माणसं, आणि चिमणी चिवचिवली तर ऐकू यावी इतकी शांतता. एवढं मोठं काही मी पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहणार नाही. आणि मला वाटलं, हे सगळे खरं काय ते कळावं म्हणून उभे आहेत. यांतला एक मीच आहे, ज्याच्याकडे खरं आहे, भले ते एवढंसं असो, भले ते कुणाच्या कामाचं नसो. यांना मी बनवून दिलेलं एक मिनिट आधीच दिलंय. दुसरं कसं देऊ? माझं डोकं आपोआप खाली गेलं.

मग खाली बसलो आणि म्हणालो, "बाई, यातलं 'पाहिली होती' खोडा. 'पाहिली नव्हती' लिहा."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "याने अपील उभं राहणार नाही, काका."

"माहीत आहे."

"तो सुटेल. कायमचा."

"माहीत आहे, बाई." त्यांनी टाइप केलं आणि मी सही केली.

बाहेर आलो तर पॅसेजमधल्या बाकावर तू. मला आधी ओळखूच आली नाहीस, इतकी वाळलीस. पर्स मांडीवर धरून बसली होतीस. मला पाहून उठली नाहीस.

"काय सांगितलंत?" विचारलंस.

"पाहिलं नव्हतं, असं."

किती वेळ तू माझ्याकडे बघत होतीस! मी बापाच्या जातीचा, मला वाटलं, खाऊन घेतलंस का ते विचारावं. नाही विचारलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसत नव्हतीस.

"मला माहीत होतं," म्हणालीस. उठलीस, आणि जिना उतरून गेलीस. वळून पाहिलं नाहीस. मी कठड्यापाशी उभा राहून तू गर्दीत मिसळेपर्यंत बघत होतो.

मी तुला दोष देत नाही. तुझी मैत्रीण गेली आणि आज तुझ्या बापाने तिच्या मारेकऱ्याच्या वाटेवरचा शेवटचा दगड उचलला. तू म्हटल्याप्रमाणे तुला वडील नाहीत, तर नसोत. तुझं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे, त्याच्यापुढे मी हात जोडतो.

पण चार तास बसने येणं, चार तास परत जाणं, शाळेत रजा टाकणं, त्या बाकावर कोण जाणे किती वेळ बसून राहणं. मी वेगळं काही सांगेन अशी आशा असती, तर तू दार ढकलून आत आली असतीस. ओळखतो मी तुला. तू आत आली नाहीस. मी काय सांगणार हे तुला माहीत होतं.

माहीत होतं, तर मग आलीस कशाला, बाळा?

बाबा